विश्लेषण : जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वंचित मुलांना जागा कशी मिळते?

जानेवारी २०२०मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकीय क्रम जगासाठी खुला झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील (एनआयएच) शास्त्रज्ञांनी मॉडर्ना कंपनीच्या साथीने त्यावरून लस आखली आणि १६ मार्चला ती पहिल्या स्वयंसेवकाला टोचलीही. या चमूतले एक प्रमुख नाव होते डॉ. किझमेकिया कॉर्बेट. नॉर्थ कॅरोलायनात वाढलेल्या या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे पदवी शिक्षण झाले ते ‘मेयरहॉफ स्कॉलर्स’ या कार्यक्रमातून. पदवीच्या वयातच वंचित गटांतील मुलांना अनुभवी शास्त्रज्ञाच्या हाताखाली खरे संशोधन करू द्यायचे, ही या कार्यक्रमाची कल्पना. अमेरिकेत आता अशाच योजनांच्या निधीवर गदा आली आहे.

सुरुवात कशी झाली?

मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत (यूएमबीसी) १९८८ मध्ये हा कार्यक्रम आकाराला आला. दानशूर रॉबर्ट मेयरहॉफ यांनी पैसा दिला, आराखडा गणितज्ञ फ्रीमन ऱ्हबॉव्स्की यांचा. ऱ्हबॉव्स्की बारा वर्षांचे असताना १९६३ मध्ये बर्मिंगहॅममधील मुलांच्या नागरी हक्क मोर्चात सामील झाले होते आणि पाच दिवस कोठडीत राहिले होते. विज्ञानाला प्रवेश घेणारी कृष्णवर्णीय मुले पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शाखा सोडतात, हे त्यांना दिसत होते. १९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते. पुढच्या वर्षी मुली आल्या, १९९६ पासून कार्यक्रम सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुला झाला.

तिथे वेगळे काय करतात?

पहिले वर्ष सुरू होण्याआधी सहा आठवड्यांचे निवासी उन्हाळी वर्ग असतात. गणित-विज्ञानाची तयारी तर होतेच, पण एकट्याने अभ्यास करायची सवयही तिथे मोडली जाते. गटाने अभ्यास करा, अडले की लगेच विचारा, यावर सगळा भर. मूलभूत विषयात जेमतेम श्रेणी मिळाली तर तो विषय पुन्हा घ्या, असा सल्ला मिळतो. पुढच्या वर्गात जाण्याची घाई नाही.

त्यानंतर येते प्रयोगशाळा. जनुकशास्त्रात याचा अर्थ एका बाजूला डीएनए वेगळा करणे, पिपेट हाताळणे आणि दुसऱ्या बाजूला संगणकावर लाखो अक्षरांच्या क्रमातून जनुक कुठे सुरू होते नि कुठे संपते हे शोधणे. प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला सीनियरचा प्रोजेक्ट नावे बदलून सादर करणाऱ्यांना यातला फरक लगेच कळावा! शिष्यवृत्ती आणि उन्हाळी विद्यावेतन हाही कळीचा भाग आहे. फी आणि भाड्यासाठी हॉटेलात पाळ्या करणारा मुलगा फुकट इंटर्नशिप करू शकत नाही.

जनुकशास्त्रातच निकड का?

कारण इथे संशोधक कोण आणि नमुने कोणाचे, हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आजारांशी संबंधित जनुके शोधणाऱ्या अभ्यासांत २०१६ पर्यंत सुमारे ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते, असे ‘नेचर’मधील एका लेखाने दाखवले. याची किंमत काय, ते ‘पीसीएसके९’ या जनुकातून कळते. डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या अभ्यासात कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातील सुमारे दोन टक्के लोकांमध्ये हे जनुक निकामी करणारे बदल असल्याचे २००५ मध्ये आढळले. या लोकांचे वाईट कोलेस्टेरॉल जन्मतःच कमी होते आणि हृदयविकारही फार थोड्यांना होत होता. त्या धाग्यावरून तयार झालेली कोलेस्टेरॉलची इंजेक्शने २०१५ पासून बाजारात आहेत. हे विशिष्ट बदल गोऱ्या लोकांत अत्यंत दुर्मिळ. तेवढेच नमुने तपासले असते तर ते नजरेआड राहण्याचीच शक्यता जास्त.

हे निवडक हुशार मुलांपुरतेच?

मेयरहॉफवर हा आक्षेप घेता येतो. तिथे निवड कडक आहे. दुसरा मार्ग म्हणजे वर्गालाच प्रयोगशाळा करणे. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्यासह ‘सी-फेजेस’ हा उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षाची मुले मातीतून जीवाणू मारणारे विषाणू म्हणजे फेज वेगळे करतात, त्यांचा जीनोम वाचतात आणि फेजला नावही स्वतःच देतात. शंभराहून अधिक महाविद्यालये यात आहेत. ओळखीचा प्राध्यापक नसला तरी चालते, वेळापत्रकात तास असतो.

अशाच एका अभ्यासक्रमात २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान इथे एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्याखाली ‘मडी’ नावाचा फेज सापडला. पुढे लंडनमधील एका किशोरवयीन रुग्णाला औषधांना दाद न देणारा जीवाणूसंसर्ग झाला, तेव्हा तिला दिलेल्या तीन फेजच्या मिश्रणात मडी होता. तिच्या सुधारणेचा अहवाल २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने छापला.

पुरावा किती भक्कम?

मेयरहॉफचे विद्यार्थी आणि बोलावणे येऊनही दुसरीकडे गेलेले विद्यार्थी यांची तुलना झाली आहे. विज्ञान-तंत्रज्ञानातील पीएचडीकडे वळण्याची शक्यता पहिल्या गटात सुमारे पाचपट आढळली. अर्थात, ‘हो’ म्हणणाऱ्यांची जिद्द मुळातच जास्त असू शकते. पण पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांनी २०१३ पासून हाच नमुना राबवला आणि तिथेही उत्साहवर्धक निकाल मिळाल्याचे ‘सायन्स’मध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग अडचण कुठे?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे अवैध ठरवले. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने विविधता धोरणांविरुद्ध आदेश काढल्यानंतर एनआयएचने ‘मार्क’, ‘यू-राइज’ यांसारख्या प्रशिक्षण योजना गुंडाळायला घेतल्या. ‘मार्क’ तर १९७०च्या दशकापासून चालू होती. विद्यावेतन बंद झाले की प्रयोगशाळेतून सर्वांत आधी बाहेर पडतो तो कमवून शिकणाराच.

भारतात काय स्थिती?

सीएसआयआरच्या मुक्तस्रोत औषधशोध प्रकल्पाने २०१० मध्ये क्षयरोगाच्या जीवाणूतील सुमारे चार हजार जनुकांची नव्याने नोंद करण्यासाठी देशभरातील विद्यार्थ्यांना ऑनलाइन जोडून घेतले होते. आता ‘जीनोम इंडिया’ने दहा हजार भारतीयांचा जनुकीय डेटा संशोधकांसाठी जानेवारी २०२५ पासून उपलब्ध केला आहे. तो वाचायला हात लागणार आहेत. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी सुमारे दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, पदवीचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. अर्जासोबत शिक्षकाचे शिफारसपत्र मात्र लागते. ज्या महाविद्यालयात विज्ञानाचे प्राध्यापकच तासिका तत्त्वावर येऊन-जाऊन असतात, तिथल्या मुलांचे घोडे इथेच अडते.