गाडीतला जनरेटर: शॉक आणि धूर

नाशिककडून मुंबईला येणारी वाहनं भिवंडीजवळ वडप्याला थबकतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातून येणारी वाहतूकही याच भागात उतरते. गोदामांचे कंटेनर आहेतच. या गर्दीत अधूनमधून झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन दिसते. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन, रक्तदानाच्या बस आणि फिरते दवाखाने ही तिचीच भावंडं. या बहुतेक गाड्यांच्या पोटात एक छोटा जनरेटर असतो.

आरोग्याच्या सदरात जनरेटर कशाला, असं वाटेल. शिबिरात लसींचा फ्रिज बंद पडला की डॉक्टरलाही त्या पेटीकडे बघावं लागतं, हे एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे या जनरेटरची कुरबुर थांबवण्यासाठी केलेले जुगाड माणसाच्या जिवावर बेततात.

सर्वांत नेहमीची तक्रार असते, ‘चालू होतो, पण ट्रिप होतो.’ इथं पहिला प्रश्न, नेमकं काय पडलं? एमसीबी पडली असेल, तर भार जास्त झाला किंवा कुठं शॉर्ट झालं. दीड टनी एसी चालताना साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट वीज घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या चार-सहा पट करंट ओढू शकतो. तीन केव्हीएच्या जनरेटरवर ‘३’ लिहिलेलं असलं तरी ०.८ पॉवर फॅक्टरला प्रत्यक्ष हाती येतात २.४ किलोवॅट. त्यात कोणी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की संपलं. जनरेटर आधी मोकळा चालू द्यावा, मग एसी, मग बाकीची उपकरणं एकेक करून लावावीत. एप्रिल-मेच्या उन्हात तर त्याची ताकद आणखी घटते.

पडलेली वस्तू आरसीसीबी असेल (जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात), तर मामला वेगळा. जाणारा आणि परत येणारा करंट ती सतत ताडून बघते. ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे करंट आडवाटेनं कुठंतरी गळतोय, की ती सेकंदाच्या काही दशांशात वीज तोडते. हा ३० चा आकडा माणसाच्या शरीरावरून ठरला आहे. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधराला हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नासच्या पुढे करंट छातीतून काही क्षण गेला, तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरू लागतं. शून्य वॅटचा बल्बसुद्धा याहून फार कमी करंट घेत नाही.

म्हणून आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती ‘डायरेक्ट’ करून टाकणं हा ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्याचा प्रकार आहे. शोधायची पद्धत सोपी आहे. सगळ्या उपकरणांच्या पिना काढा. नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण बटण बहुधा फेजच तोडतं. गळती न्यूट्रलकडून असेल तर ती तशीच राहते. मग एकेक पिन लावत जा. बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो गीझर, किटली किंवा इंडक्शन, म्हणजे पाण्याशी आणि वाफेशी संबंध असलेलं काहीतरी. सगळ्या पिना काढूनही पडत असेल, तर वायरिंगमध्ये किंवा जनरेटरच्या वाइंडिंगमध्ये ओल आहे, असं समजून वायरमनकडून मेगरनं तपासून घ्यावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं.

आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं की ती पडते, म्हणजे सगळं सुरक्षित आहे, हा गैरसमज मी चांगल्या जाणत्या लोकांत पाहिला आहे. ते बटण फक्त त्या पेटीच्या आतलं यंत्र तपासतं. जनरेटरचं न्यूट्रल त्याच्या सांगाड्याशी जोडलेलंच नसेल, तर गळणाऱ्या करंटला परतीची वाट मिळत नाही आणि खरा दोष आला तरी आरसीसीबी गप्प बसते. ही जोडणी आहे का, हे एकदा वायरमनकडून खात्री करून घ्यायलाच हवं.

आणखी एक धोका जनरेटर बंद केल्यावर सुरू होतो. ढाब्यावर किंवा गोदामात गाडी लावली, डिझेल वाचवायचं म्हणून एक्स्टेन्शन टाकून तिथली वीज घेतली. एक्स्टेन्शन दोन पिनांचं, अर्थिंग नाही. गाडी रबरी टायरांवर उभी. आत गळती असेल, तर पत्र्याच्या अख्ख्या बॉडीत वीज येते आणि आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. शॉक बसतो तो ओल्या जमिनीवर उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला. दाराला हात लावल्यावर ‘थोडं झिणझिणतं’ असं कोणी म्हणालं, तर तिथंच वीज तोडा. शिवाय बाहेरची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. दोन्ही एकमेकांवर आले, तर जनरेटर जळतो आणि लाइनवर काम करणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो.

इंजिन व्यवस्थित चालतं, पण वीजच नाही, अशी तक्रार असेल तर झिजलेले कार्बन ब्रश किंवा बिघडलेला एव्हीआर असू शकतो. फार दिवस न चालवल्यास आतलं उरलंसुरलं चुंबकत्वही जातं. महिन्यातून एकदा अर्धा तास, निम्म्या भारावर चालवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर आधी ऑइल बघा. सेल्फच घेत नसेल, तर बॅटरीचे टर्मिनल आणि चासीला जाणारी अर्थची पट्टी.

हे टर्मिनल ढिले का होतात? खड्ड्यांमुळे आणि जनरेटरच्या स्वतःच्या थरथरण्यामुळे. आणि त्याच थरथरण्यानं सायलेन्सरचे सांधेही ढिले होतात. एक ढिला सापडला की दुसराही बघावाच. जनरेटर तापतो म्हणून त्याच्या कप्प्याचं आतलं झाकण उघडून ठेवणारे मी पाहिले आहेत. मग धूर थेट झोपण्याच्या जागेत येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघं मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी त्या गाडीची तपासणी केली, तेव्हा जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड तळाच्या फटीतून आत येत असल्याचं आढळलं. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंद डब्यात तेवढाही पुरतो.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही सुरुवातीची लक्षणं. प्रवासाचा थकवा किंवा ढाब्यावरचं जेवण बाधलं असं वाटतं. ओळखायची खूण अशी की गाडीतल्या एकाहून अधिक जणांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं. झोपेत असलेल्याला मात्र जाग येतेच असं नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ असावा. स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म या कामाचा नाही.

असं कोणी सापडलं तर आधी दारं उघडून त्याला बाहेर काढा, मग जनरेटर बंद करा आणि १०८ ला फोन करा. शॉक बसलेल्याबाबत क्रम उलटा: आधी वीज तोडा, मगच हात लावा. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. शॉकनंतर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर ईसीजी काढल्याशिवाय घरी जाऊ नये.

धुराच्या रुग्णाला आणल्यावर डॉक्टरांना ‘गाडीत जनरेटर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथं फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि अत्यवस्थ माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवतो. खरा आकडा रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनच्या तपासणीतून कळतो. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. त्यामुळे तपासणीचा रिपोर्ट यायची वाट न बघता ऑक्सिजन लगेच सुरू करतात.