हक्क कागदावर; वकील कोठे?

२०२० च्या डिसेंबरअखेरीस जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावी ग्रामपंचायत निवडणुकीच्या अर्जांची छाननी झाली, तीत एक अर्ज बाद ठरला. उमेदवार अंजली पाटील या तृतीयपंथी होत्या. अर्ज स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेसाठी होता आणि तृतीयपंथीयांना त्या जागेवरून उभे राहता येणार नाही, असा निर्णय निवडणूक अधिकाऱ्यांनी दिला. तो निर्णय मुकाट्याने स्वीकारण्यात आला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्या. रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी अधिकाऱ्यांचा निर्णय रद्द ठरविला आणि स्त्री म्हणून निवडणूक लढविण्यास अनुमती दिली. त्याच महिन्यात मतमोजणी झाली आणि अंजली पाटील निवडून आल्या. खानदेशातील एका खेड्याने आपल्या मतपेटीतून जो निर्वाळा दिला, त्याचा खानदेशाने अभिमानच बाळगावयास हवा.

परंतु या प्रकरणाची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. निवडणुकीत अर्ज नाकारला जातो तेव्हा नाकारणारा अधिकारी कोण हे ठाऊक असते, नकाराचे कारण लेखी असते आणि निवडणुकीची तारीख ठरलेली असल्यामुळे न्यायालयालाही तातडी मान्य करावी लागते. नोकरीतील नकाराची तऱ्हा निराळी आहे. पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखादी तृतीयपंथी व्यक्ती दुकानात हिशेबनिसाची, जिनिंगमध्ये मजुरीची किंवा शाळेत शिक्षकाची जागा मागावयास गेली, तर ‘तुम्ही तृतीयपंथी आहात म्हणून नको’ असे लिहून कोणी देत नाही. ‘जागा भरली’, ‘पुढच्या महिन्यात पाहू’, ‘आमची हरकत नाही हो, पण गिऱ्हाईक काय म्हणेल?’ अशी तोंडी वाक्ये तेवढी हाती पडतात. नोकरी मिळाली तरी पुढे स्वच्छतागृहावरून कुजबुज होते, हजेरीपटावरील जुन्या नावावरून थट्टा होते आणि एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’ एवढ्यावर प्रकरण संपते. ज्याचा कागद नाही त्याचा खटला उभा राहत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कलम आहे, दंड नाही

कायदा नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना समतेचे व प्रतिष्ठेचे घटनात्मक हक्क आहेत, असा स्पष्ट निर्वाळा दिला. २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने नोकरभरती, बढती आणि नोकरीविषयीच्या इतर सर्व बाबींत भेदभाव करण्यास मनाई केली. अकराव्या कलमाने प्रत्येक आस्थापनेवर तक्रार अधिकारी नेमण्याची जबाबदारी टाकली. २०२० च्या नियमांनी मुदतही घातली: तक्रार आल्यापासून १५ दिवसांत चौकशी व्हावी आणि अहवाल आल्यापासून १५ दिवसांत आस्थापनेच्या प्रमुखाने कारवाई करावी. म्हणजे एका महिन्यात निकाल लागावा, अशी योजना आहे.

योजना उत्तम, पण तिला दात नाहीत. मूळ कायद्याच्या अठराव्या कलमात वेठबिगारी, सार्वजनिक जागेतून मज्जाव, घरातून वा गावातून हुसकावणे आणि छळ यांसाठी सहा महिने ते दोन वर्षे कैदेची शिक्षा सांगितली गेली. नोकरी नाकारणाऱ्या मालकाला मात्र त्या यादीत स्थान नव्हते. मनाई एका कलमात आणि शिक्षा कोठेच नाही, असा हा प्रकार. तक्रार अधिकारी नेमला नाही तर काय होईल, याची धास्ती नसल्यामुळे तो नेमण्याची घाईही कोणाला नसते.

याचे प्रत्यंतर एका शिक्षिकेच्या प्रकरणात आले. उत्तर प्रदेशातील एका खाजगी शाळेतून आणि पुढे गुजरातमधील दुसऱ्या शाळेतून, आपण तृतीयपंथी असल्याचे उघड झाल्यावर तिला नोकरीला मुकावे लागले. तिने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला नुकसानभरपाई देवविली, आणि सरकारांच्या उदासीनतेमुळे हा कायदा व त्याचे नियम निर्जीव अक्षरे होऊन बसले आहेत, अशा आशयाचे कठोर ताशेरे ओढले. नोकरीतील समान संधीचे धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली एक समितीही नेमली. न्याय मिळाला, पण वर्गातील फळ्यापासून दिल्लीतील न्यायासनापर्यंतचा प्रवास किती जणांना झेपणार?

सरकारी नोकरीची कथाही याहून फार वेगळी नाही. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री व पुरुष एवढेच रकाने होते. तृतीयपंथी उमेदवारांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि न्यायाधिकरणाने २०२२ च्या नोव्हेंबरात तिसरा रकाना ठेवण्याचा आदेश दिला. सरकारने तो आदेश पाळण्याऐवजी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने कान उपटल्यावर रकाना आला. एक रकाना वाढविण्यासाठी दोन पायऱ्यांचे न्यायालयीन युद्ध लढावे लागावे, यात प्रशासनाची शोभा खचितच नाही.

पहिली पायरी तालुक्याची

तेव्हा खरा प्रश्न असा आहे की, पारोळ्यातील माणसाने सोमवारी सकाळी जावे कोठे? उच्च न्यायालयाचे खंडपीठ चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट ओलांडल्यावर येते. गावात वकील आहेत. पण फीचे पैसे जवळ नसतात, आणि पक्षकार म्हणून चारचौघांत वकिलाच्या दारी बसण्याचा संकोच पैशांहूनही जड असतो.

या प्रश्नाचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि सरकारने ठरविलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले सर्वजण यांना त्या कायद्याने मोफत वकील मिळतो. कोर्ट फीचा भारही उचलला जातो. या यादीत तृतीयपंथी असा वेगळा शब्द मूळ कायद्याने घातला नसला, तरी नोकरी गमावलेली व्यक्ती बहुधा उत्पन्नाच्या निकषावरच पात्र ठरते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती, जळगावला जिल्हा प्राधिकरण आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक, अशी ही रचना आहे. आणि २०१४ चा तो ऐतिहासिक निर्णय ज्या याचिकेवर झाला, ती दाखल करणारी संस्था राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण हीच होती, हे विसरून चालणार नाही. ज्या संस्थेने देशासाठी हा हक्क मिळविला, तिच्याच तालुक्याच्या शाखेत हक्कदाराला आपले काय होईल अशी भीती वाटावी, हे विपरीत आहे. ती भीती घालविणे हे समितीचे काम आहे, पक्षकाराचे नव्हे.

अर्थात पक्षकारानेही काही पथ्ये पाळणे हिताचे ठरेल. अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. पोच न मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. तोंडी नकाराची तारीख, वेळ व ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी टिपून ठेवावीत. आस्थापनेचा तक्रार अधिकारी कोण, हे लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर तेही पुराव्यातच जमा होते. सरकारी कार्यालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहेच.

कारकून आणि मास्तर

२०११ च्या जनगणनेत देशभर ४ लाख ८७ हजार ८०३ आणि महाराष्ट्रात ४० हजार ८९१ व्यक्तींची नोंद स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ या सदरात झाली. एवढ्यांसाठी प्रत्येक कचेरीने खटाटोप कशाला करावा, असे म्हणणारे भेटतील. पण संख्या थोडी असणे हा हक्क नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही. उलट ज्याच्यामागे गर्दी नाही त्याच्यासाठीच कायदा लागतो.

आणि येथे जबाबदारी केवळ न्यायाधीशांवर ढकलून चालणार नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव दुरुस्त करण्याचा अर्ज मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतो. भरतीचा अर्ज ‘त्रुटी’ असा शेरा मारून बाजूला ठेवणारा हात कारकुनाचा असतो. तक्रार अधिकारी म्हणून उद्या ज्याचे नाव फळ्यावर लागेल तो याच कचेऱ्यांतला, याच शिक्षकखोल्यांतला कोणी असणार. आपल्या कार्यालयात असा अधिकारी नेमला आहे काय, एवढा एक प्रश्न या मंडळींनी उद्या आपल्या प्रमुखाला लेखी विचारला, तर कायद्याची अंमलबजावणी पारोळ्यातच सुरू होईल. त्यासाठी कोणालाही घाट ओलांडावा लागणार नाही.