उंच केलेल्या वाहनातील स्टॅबिलायझर बार : लिंक रॉडचे समायोजन

पनवेलहून कोकणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ असो वा पुण्याकडील खंडाळ्याचा घाट, वळणावर वाहनाचे स्थैर्य महत्त्वाचे ठरते. खडतर वाटांसाठी महिंद्रा थारसारख्या वाहनांचे सस्पेंशन उंच केल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो व कलण्याची प्रवृत्ती वाढते. या कलण्यास आवर घालणारा घटक म्हणजे स्टॅबिलायझर बार होय. पुढील बाजूस तो चासीला रबरी बुशांनी जोडलेला असून त्याची टोके लिंक रॉडद्वारे चाकांकडील भुजांना जोडलेली असतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा वर जाताच बार पिळला जातो व कलण्यास विरोध करतो.

चासी उंच झाल्यावर मूळ लांबीचा रॉड बारची टोके खाली ओढतो. परिणामी दोहोंतील कोन बिघडतो, बारचा प्रभाव घटतो आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारे रॉड वापरावेत. वाहन सपाट जागी चाकांवर उभे असताना बार मूळ स्थितीत येईल इतकी लांबी ठेवावी. दोन्ही रॉड जोर न लावता बसले पाहिजेत; अन्यथा बारमध्ये आधीच पीळ राहतो. चेक नट आवळल्यानंतर चाक पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन रॉड ब्रेकच्या नळीस घासत नाही, हे तपासावे.

तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्यामुळे वाहनाची उंची वाढविण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट ठरते.