मागला आस आणि दोन चाकांचा हिशेब

शिरूर तालुक्यातील निमोण्याच्या शिवारात ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात आला, म्हणजे काळ्या जमिनीत रुतलेली ट्रॉली आणि तिला ओढण्यासाठी जिवाचे रान करणारा ट्रॅक्टर हे दृश्य नित्याचे होते; आणि त्या क्षणी चालकाची टाच ज्या लहानशा पट्टीवर दाबली जाते, तिचा अर्थ ज्याला नीट उमगला, त्याला वेगवान मोटारीचा मागला आस सुधारण्याच्या विद्येचे अर्धे मर्म उमगले, असे मी मानतो. एक चाक चिखलात गरगर फिरत असते, दुसरे कोरड्या बांधाला टेकून निश्चल उभे असते. टाच पडताच दोन्ही चाके एकदिलाने फिरू लागतात आणि ट्रॉली हलते. पट्टीला शेतकरी ‘डिफ-लॉक’ म्हणतो, आणि वळण घेण्यापूर्वी न विसरता टाच उचलतो.

बैलगाडीला या यातायातीचे प्रयोजन नव्हते. तिचा आख स्थिर असतो, त्यावर दोन्ही चाके आपापल्या गतीने फिरतात, आणि ओढण्याचे काम बैलांचे असल्यामुळे चाकांना केवळ भार वाहावा लागतो. मोटारीचे चाक मात्र स्वतःच जमिनीला रेटते, म्हणून त्याला इंजिनाशी जखडणे प्राप्त होते. आणि जखडले की वळणावर तंटा उभा राहतो. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली मोटार काटकोनात वळली, तर वळण अरुंद असो वा प्रशस्त, बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.३५ मीटर अधिक चालते. हा जादा प्रवास करण्याची मुभा चाकाला देणारी दंतचक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. पॅरिसमधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले, तेव्हा पेट्रोलची मोटार जन्मालाही आली नव्हती.

या रचनेचा धर्म समन्यायाचा आहे. लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवितो, क्राउनच्या पोटातील छोटी चक्रे दोन्ही अर्ध्या आसांना सारखा जोर वाटतात, आणि वेग मात्र ज्याला जसा हवा तसा घेऊ देतात. परंतु हाच समन्याय संकटकाळी घातक ठरतो. कारण चिखलातले चाक जेवढा जोर जमिनीला देऊ शकते, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, आणि उरलेली सारी शक्ती नुसत्या गरगरण्यात खर्ची पडते. भरधाव मोटार वळणात झुकली की आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि डांबरी सडकेवरही तीच गत होते. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींना हा दोष भोवला, तेव्हा फर्डिनांड पोर्श यांच्या मागणीवरून झेडएफ या जर्मन कंपनीने चाकांच्या स्वैरपणाला लगाम घालणारी जी रचना सिद्ध केली, तिचाच वंश आज ‘लिमिटेड स्लिप’ या नावाने नांदतो.

शौकिनापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. घर्षणपट्ट्यांची रचना हवी तितकी करडी करता येते, परंतु पट्ट्या झिजतात. सर्पिल दात्यांची, टॉर्सन जातीची रचना शांत आणि टिकाऊ असते, मात्र एखादे चाक पूर्ण अधांतरी गेले की ती निष्प्रभ होते. तिसरा मार्ग ट्रॅक्टरचाच, संपूर्ण कुलूप. हा मार्ग पाहण्यासाठी निमोणेकरांना तालुक्याबाहेरही जावे लागत नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या समाईक कारखान्यात २०२१ पासून जीप रँग्लरची जुळणी होऊ लागली, आणि तिच्या रुबिकॉन या प्रकाराच्या पुढल्या व मागल्या अशा दोन्ही आसांना विजेवर चालणारी कुलुपे आहेत. उसाच्या सरीतली टाच आणि त्या गाडीतली कळ यांचे तत्त्व एकच आहे, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या मोटारीला मात्र कुलूप नको, लगामच हवा.

आता आसाविषयी. पुष्कळ तरुण इंजिनाची शक्ती आधी वाढवितात आणि अर्धा आस तुटल्यावर मागे वळून पाहतात; हा क्रम मला सर्वस्वी उफराटा वाटतो. भरीव दांड्याचे पीळ सोसण्याचे सामर्थ्य त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३० मिलिमीटरचा आस ३३ मिलिमीटरचा केला, तर धातू तोच असूनही सामर्थ्य तिसऱ्या हिश्श्याने वाढते. त्यात क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद वापरले तर ते आणखी वाढते. क्राउन-पिनियनचे प्रमाण ३.७ वरून ४.१ केल्यास चाकावरचा जोर सुमारे ११ टक्क्यांनी चढतो, परंतु त्याच वेगाला इंजिनही तितकेच जास्त फिरते आणि हमरस्त्यावर इंधनाचा तगादा सुरू होतो.

या सर्वांहून मोठी गोष्ट कारागिराचा हात. क्राउनच्या दात्यांना रंग माखून, चक्र हाताने फिरवून, रंगाचा ठसा दात्याच्या मध्यभागी उमटतो की कडेला हे पाहणे, शिम बदलून पुन्हा पाहणे, दात्यांमधली मोकळीक डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांशात मोजणे, हे काम घाईचे नव्हे. ज्या यंत्रशाळेत ते तासाभरात उरकले जाते, तेथून निघालेली मोटार थोड्याच दिवसांत मागून कण्हू लागते, आणि भारी किमतीची चक्रे कायमची निकामी होतात.

कायद्याचाही विचार आधीच करावा. नोंदणी दाखल्यातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये, असा मोटर वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चा दंडक आहे. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे इष्ट.

घर्षणपट्ट्यांचे डिफरन्शियल नव्याने बसविले, की मोटार लगेच शर्यतीला नेऊ नये. एखाद्या मोकळ्या मैदानावर मंद गतीने, डावी-उजवी वळणे आलटून पालटून घेत, इंग्रजी आठाच्या आकृतीत काही वेळ फिरवावी, म्हणजे पट्ट्या एकमेकींशी जुळतात; मग मोटार निवू द्यावी, तेल काढून टाकावे, निचऱ्याच्या बुचाला लागलेला धातूचा कीस बोटांत घेऊन पाहावा, आणि तो पिठासारखा बारीक असेल तरच नवे तेल भरून बूच घट्ट करावे.