पुनर्रचनेत गळालेली तपासणी : लिनक्स कर्नलमधील एक प्रकरण

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. आपले प्रोग्रॅम डिस्क किंवा नेटवर्क यांना थेट हात लावू शकत नाहीत. ते कर्नलकडे मागणी करतात. या मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात. मागणीसोबत पुष्कळदा एक पत्ताही दिला जातो : उत्तर माझ्या स्मृतीत अमुक ठिकाणी लिहा. तो पत्ता खरोखर त्या प्रोग्रॅमच्या हद्दीतला आहे काय, हे पाहणे कर्नलची जबाबदारी असते. कारण कर्नलला स्वतःच्या स्मृतीतही लिहिता येते.

बाह्य वर्तन कायम ठेवून कोडची आतील मांडणी बदलणे, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. उर्दूतील 'नजरसानी' हा शब्द येथे आठवतो. मात्र नजरसानीत आशय बदलला तरी चालतो, येथे चालत नाही.

लिनक्समधील 'वेटआयडी' हा कॉल एखाद्या प्रक्रियेला तिच्या अपत्य प्रक्रियेची स्थिती कळवतो. पूर्वी या माहितीचा प्रत्येक घटक 'पुट_यूजर' या सूचनेने स्वतंत्रपणे लिहिला जाई आणि ही सूचना दरवेळी पत्ता तपासून घेई. नव्या प्रोसेसरांत वापरकर्त्याची स्मृती कर्नललाही एरवी बंद असते. प्रत्येक घटकासाठी ते दार उघडून पुन्हा लावण्यात वेळ जातो. म्हणून मे २०१७ मध्ये हे लेखन एकत्र आणले गेले : दार एकदाच उघडायचे, 'अनसेफ_पुट_यूजर' या सूचनेने सर्व घटक लिहायचे, दार लावायचे. मांडणी सुटसुटीत झाली. परंतु जुन्या सूचनेच्या पोटात असलेली तपासणी तिच्यासोबतच गेली आणि ती वेगळी लिहायची राहून गेली. सप्टेंबर २०१७ मधील ४.१३ आवृत्ती तशीच बाहेर पडली.

प्रामाणिक प्रोग्रॅम योग्यच पत्ता देतो, त्यामुळे नेहमीच्या वापरात काहीच बिघडलेले दिसत नव्हते. मात्र कोणीही सामान्य वापरकर्ता कर्नलच्या स्मृतीतला पत्ता देऊन तेथे लिहून घेऊ शकत होता, आणि त्या वाटेने सर्वाधिकार मिळवू शकत होता. या दोषाची नोंद सीव्हीई-२०१७-५१२३ या क्रमांकाने झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये तपासणी परत घालण्यात आली. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती.

माझ्या मते त्यापेक्षा महत्त्वाचा बदल जानेवारी २०१९ मधला. ५.० आवृत्तीसाठी लिनस टॉरवल्ड्स यांनी दार उघडणाऱ्या सूचनेतच पत्त्याची तपासणी बसवली. आता पत्ता तपासल्याशिवाय ते दार उघडतच नाही.