गाडी नावावर झाली, पण कर्ज?

कॅनडात, विशेषतः ऑन्टॅरिओत, आपली बरीच मंडळी पहिली गाडी ऑनलाइन जाहिरात पाहून थेट मालकाकडून घेतात. गाडी नावावर झाली की जुन्या मालकाच्या कर्जाचा संबंध संपला, असा समज त्यांच्यात आढळतो. तो स्वाभाविक आहे. भारतात कर्ज असलेल्या गाडीच्या आरसी बुकावर बँकेचं नाव असतं आणि बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय गाडी नावावर होत नाही. ऑन्टॅरिओच्या नोंदणीपत्रावर मात्र कर्जदात्याचं नाव नसतं.

‘लीन’ (कर्जदात्याचा गाडीवरील बोजा) माणसाच्या नव्हे, गाडीच्या मागे लागतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असतो, तसाच हा. जमीन विकली तरी कर्ज फिटेपर्यंत तो राहतो. इथेही हप्ते थकले तर कर्जदाता गाडी नव्या मालकाच्या दारातून नेऊ शकतो, मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली असली तरी.

खासगी विक्रेत्याने ‘यूव्हीआयपी’ (वापरलेल्या वाहनाची माहिती-पुस्तिका) देणं ऑन्टॅरिओत कायद्याने आवश्यक आहे. ती सर्व्हिसऑन्टॅरिओकडे २० डॉलरला मिळते. पण तिच्यात ऑन्टॅरिओत नोंदलेलेच बोजे दिसतात. क्वेबेक किंवा अल्बर्टातून आलेल्या गाडीसाठी तिथल्या नोंदी गाडीच्या १७ अक्षर-अंकी व्हिन क्रमांकावरून वेगळ्या तपासाव्या लागतात.

बोजा निघाला तर पैसे विक्रेत्याच्या हाती देऊ नका. त्याच्यासोबत कर्जदात्याकडे जा, बाकी थेट तिथे भरा आणि बोजा उतरल्याचं पत्र लेखी घ्या.