राझीच्या डोक्यावर आदळलेलं पुस्तक

हैदराबादचा सुलतान बाजार 1933 पर्यंत रेसिडेन्सी बाजार होता, इंग्रजांच्या अमलाखालचा. आज तिथून जवळच उस्मानिया मेडिकल कॉलेज आहे आणि मुसी ओलांडली की चारमिनारपाशी युनानी रुग्णालय. या वस्तीतल्या मराठी माणसाला हकिमाचं माजून, म्हणजे औषधी पाक, नवं नाही. पण हकीम ज्याचं नाव आदराने घेतात त्या वैद्य अबू बक्र राझीविषयी आपल्या कानावर येतात त्या बहुतेक दंतकथा.

राझी अरब होता, ही त्यातली सर्वांत साधी चूक. तो इराणचा, आजच्या तेहरानजवळच्या रय गावचा. काळ अंदाजे 865 ते 925. ग्रंथ अरबीत लिहिले म्हणून तो अरब, असं म्हटलं तर फारसीत दफ्तर लिहिणारे आपले जुने कारकून इराणी ठरतील.

दुसरी कथा रंगतदार आहे. किमयेचा प्रयोग फसला म्हणून राजाने त्याच्याच ग्रंथाने त्याच्या डोक्यावर मारलं आणि तो आंधळा झाला! म्हातारपणी दृष्टी गेली हे खरं. पण राझीच्या 184 ग्रंथांची यादी करणारा अल-बेरूनी (हिंदुस्थानावर लिहिणारा तोच) त्याचा दोष अतिवाचनाला देतो. बगदादेत ठिकठिकाणी मांस टांगून, जिथे ते उशिरा सडलं तिथे राझीने इस्पितळ बांधवलं, हीही गोष्ट लोकप्रिय. पण ते प्रसिद्ध अदुदी इस्पितळ सुरू झालं 981च्या सुमारास, राझीच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. 13व्या शतकातला चरित्रकार इब्न अबी उसैबिया यालाही हा काळाचा घोळ खटकला होता.

देवी या रोगाचा शोधही त्याचा नाही. त्याच्याआधी अहरून नावाच्या वैद्याने देवीवर लिहिलं होतं, आणि लस आली ती 1796 मध्ये जेन्नरमुळे. राझीने देवी आणि गोवर यांतला फरक नेमका टिपला: पाठदुखी देवीत जास्त, अस्वस्थता आणि मळमळ गोवरात. रोग मात्र रक्त आंबल्याने होतो अशी त्याची समजूत होती. ती चुकीची, पण निरीक्षण पक्कं.

खरी गंमत 'अल-हावी'ची. हा राझीने सलग रचलेला ग्रंथ नव्हे. त्याची टिपणं मृत्यूनंतर शिष्यांनी जुळवली. त्यात मेंदूज्वरासारख्या दुखण्याची एक नोंद आहे: काही रुग्णांचं रक्त काढलं, काहींचं मुद्दाम काढलं नाही, आणि फरक पाहिला. रक्त काढणं आज कुणी सुचवणार नाही, पण तुलना करून बघायची ही खोड दहाव्या शतकाच्या आसपास दुर्मीळ होती. गॅलेनसारख्या थोराच्याही चुका काढणारं पुस्तक त्याने लिहिलं. डोक्यावर आदळलेल्या ग्रंथाच्या कथेपेक्षा मला हा राझी जास्त आवडतो.

'अल-हावी'चं लॅटिन भाषांतर 1279 मध्ये झालं, 1486 मध्ये ते इटलीत छापलंही गेलं. मूळ अरबी पाठ मात्र 1955 पासून 23 भागांत प्रसिद्ध केला तो हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या प्रकाशन संस्थेने, म्हणजे सुलतान बाजारपासून काही मैलांवर, उस्मानिया विद्यापीठात. युनानी तिकडची, आयुर्वेद इकडचा, असं ठासून सांगणाऱ्याने ते भाग कुणा अरबी जाणणाऱ्याकडून चाळून घ्यावेत. ग्रीक वैद्यांच्या शेजारी चरक आणि सुश्रुत यांचे हवाले राझीने नाव घेऊन दिले आहेत.